उष्टावणाची वाटी

माझ्या धाकट्या नातवाचे उष्टावण सहाव्या महिन्यात, मुलाला सम आणि मुलीला विषम महिना या आमच्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे, यथासांग पार पडले. मामाने त्याला मांडीवर घेतले, चांदीच्या वाटीतली शेवयांची खीर सोन्याच्या अंगठीने त्याच्या जिभेला लावली, आणि त्याने मिटक्या मारलेल्या पाहून कौतुकाच्या भरात आजीने आणखी दोन चमचे भरविले. खिरीत गाईचे दूध होते, गव्हाच्या शेवया होत्या, बदामाची पूड होती आणि केशराच्या दोन काड्या होत्या. म्हणजे ज्या जिभेने तोवर आईच्या दुधाखेरीज आणि सहाणेवर उगाळलेल्या गुटीखेरीज काही जाणले नव्हते, तिच्यासमोर आम्ही तीन मातबर पाहुणे एकाच पाटावर आणून बसविले होते. थोड्याच वेळाने त्याच्या ओठांभोवती लाल कडे उमटले, हनुवटीवर आणि कानामागे गांधी उठल्या, आणि मग सारी खीर मामाच्या नव्या सदऱ्यावर परत आली. आजीने मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी डॉक्टरांकडे धाव घेतली, आणि त्यांनी मुलाचा श्वास व छाती नीट तपासून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, की खीर किती वाजता दिलीत आणि पहिली गांध किती वाजता दिसली? आम्ही सहा मोठी माणसे तेथे उभी होतो. सहाजणांनी सहा उत्तरे दिली.

त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या घरात परहेजाचे जे फर्मान सुटले ते साथीच्या दिवसांतील सरकारी हुकुमाला शोभण्यासारखे होते. बाळाला दूध बंद, गहू बंद, सुकामेवा बंद. शिवाय अंगावर पाजणाऱ्या त्याच्या आईलाही दूध, दही, तूप, डाळी आणि शेंगदाणे वर्ज्य. यांतले कोणते कलम कशाच्या आधारावर घातले गेले हे विचारण्याची सोय नव्हती, कारण ज्याचा संशय येईल ते ताटातून काढून टाकणे हाच सावधपणा, अशी सर्वांची, आणि खरे सांगायचे तर माझीही, समजूत होती. या समजुतीचे मूळ शोधता शोधता मी जे वाचले आणि विचारले त्यातून मला असे दिसून आले, की बाळाच्या आहाराविषयीची आणि त्याच्या बसण्या-चालण्याविषयीची आपली भीती ही एकाच जातीची आहे: दोन्हीकडे आपण निसर्गाने दिलेल्या ऐसपैस मुदतीच्या जागी एक ठराविक तारीख लिहितो, आणि मग ती चुकली म्हणून घाबरतो.

'वावडे' हा मराठीतला मोठा मार्मिक शब्द आहे, परंतु त्याच्या पोटात निदान तीन भिन्न गोष्टी एकत्र नांदतात. शिळे किंवा नासलेले अन्न कोणालाही बाधते; तो दोष अन्नाचा. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचविणारे विकर आतड्यात कमी असले म्हणजे पोट फुगते आणि ढाळ होतात. ती पचनाची उणीव होय, आणि ती तान्ह्या वयात क्वचित व मोठेपणी पुष्कळ आढळते. तिसरी गोष्ट ॲलर्जी, परिभाषेत अधिहर्षता. हिच्यात अन्न निर्दोष असते आणि पचनशक्तीही शाबूत असते, पण शरीराचे संरक्षक दल त्या अन्नातील एखाद्या प्रथिनाला शत्रू ठरवून त्यावर तुटून पडते. हा भेद पुस्तकी नव्हे. आमच्याकडे एका वडीलधाऱ्या बाईंनी "दूध सोसत नसेल तर ताक द्या" असे सुचविले आणि दुसऱ्यांनी "गाईचे नको, शेळीचे पाजा" असे सांगितले. पहिला सल्ला लॅक्टोजच्या तक्रारीला काही अंशी लागू पडला असता. ॲलर्जीला दोन्हीही निरुपयोगी, किंबहुना घातक, कारण ताकातही तीच प्रथिने असतात आणि गाय, म्हैस व शेळी यांच्या दुधातील प्रथिने परस्परांशी इतकी मिळतीजुळती असतात, की एकीचे दूध न सोसणाऱ्या बहुतेक मुलांना दुसरीचेही सोसत नाही.

या विकाराचे शास्त्रीय ज्ञान फार जुने नाही. मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट याच्या जहाजावर १९०१ साली शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातील विषारी जीवांचा अभ्यास करीत होते. पुढे पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष अल्प मात्रेत कुत्र्यांना टोचले, या अपेक्षेने की त्यामुळे त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती येईल. नेपच्यून नावाच्या एका धिप्पाड कुत्र्याने पहिली मात्रा सहज पचविली; काही आठवड्यांनी तितकीच अल्प मात्रा पुन्हा टोचताच तो अर्ध्या तासाच्या आत मेला. संरक्षणाच्या नेमके उलटे घडले होते. रिशेने या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले, आणि या शोधाबद्दल त्याला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ साली 'ॲलर्जी' हा शब्द बनविला तोही मुलांना टोचलेल्या औषधी रक्तजलाच्या दुष्परिणामांचा विचार करताना. ग्रीक भाषेतील 'अन्य' आणि 'कार्य' या दोन शब्दांची ती जोड आहे. एकदा ओळख पटलेल्या पदार्थाशी शरीर पूर्वीपेक्षा निराळे वागते, एवढेच त्याला म्हणावयाचे होते.

पण मला सर्वांत बोलकी वाटते ती न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस या बालवैद्याने १९१२ साली प्रसिद्ध केलेली एका मुलाची हकीगत. हा मुलगा दहा दिवसांचा असताना त्याला ढाळ लागले म्हणून अंडे घातलेले पाणी पाजले होते, आणि त्या वेळी काहीच झाले नव्हते. चौदा महिन्यांचा झाल्यावर त्याला पुन्हा अंडे दिले, तेव्हा त्याने किंचाळून तोंडात बोटे घातली आणि त्याचे तोंड व जीभ सुजली. अंड्याशिवाय बदाम आणि ओटही त्याला सोसत नव्हते. श्लॉसने त्याच्या कातडीवर बारीक ओरखडे काढून त्यांवर निरनिराळ्या अन्नांचे अंश लावून पाहिले, आणि जेथे गांध उठली तेथे गुन्हेगार सापडला. आज दवाखान्यांतून जी त्वचाचाचणी होते तिचे हे बालरूप. त्या चाचणीच्या मुळाशी असलेले रक्तातील द्रव्य सापडण्यास मात्र पुढे अर्धे शतक उलटावे लागले. इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिक यांनी स्वीडनमध्ये, १९६६-६७ च्या सुमारास, स्वतंत्रपणे ते शोधून काढले, आणि १९६८ साली त्याचे इम्युनोग्लोब्युलिन ई असे नामकरण झाले. हे द्रव्य त्वचेतील व आतड्यातील विशिष्ट पेशींवर चिकटून बसते. ओळखीचे प्रथिन पुन्हा आले की त्या पेशी हिस्टामिनचा साठा रिता करतात. गांधी, सूज, वांती, शिंका, छातीतली घरघर हा सारा त्या एका द्रव्याच्या व त्याच्या साथीदारांच्या उधळपट्टीचा परिणाम होय.

आता खरे नवल पुढेच आहे. रोज एवढे परके अन्न पोटात जात असता बहुतेकांच्या शरीरात हा दंगा का होत नाही? आतड्याची भिंत म्हणजे एक मोठा जकातनाका समजावा. तेथील संरक्षक पेशी आत येणाऱ्या मालाची तपासणी करतात, आणि जो माल वारंवार, नियमित वाटेने येतो त्याला कायमचा परवाना देऊन टाकतात. तोंडावाटे मिळणाऱ्या या परवान्याला सहिष्णुता म्हणतात, आणि ती जन्मजात नसते; ती शिकावी लागते. परंतु तेच प्रथिन फुटलेल्या, खरुजलेल्या, इसब झालेल्या कातडीतून आत शिरले, म्हणजे चोरवाटेने आलेल्या माणसाकडे पहारेकरी ज्या नजरेने पाहील त्याच नजरेने शरीर त्याकडे पाहते. लंडनचे गिडिअन लॅक यांनी हा विचार हिरिरीने मांडला. त्यांच्या २००३ सालच्या अभ्यासात असे आढळले, की ज्या तान्ह्या मुलांच्या इसबावर शेंगदाण्याच्या तेलाची मलमे लावली गेली होती त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक होती.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमची न्हाणीघरातली वाटी उभी राहिली. आपल्याकडे बाळाला तेलाने रगडल्यावर डाळीचे पीठ, चिमूटभर हळद आणि दुधाची साय कालवून अंगाला चोळण्याची चाल आहे. लव झडते आणि कांती उजळते असे मानतात. आमच्या नातवाचे गाल तिसऱ्या महिन्यापासून खरबरीत व लालसर होते, कोपरांच्या वळणात पाणी सुटत असे, आणि ते 'बाळसे फुटते आहे' म्हणून त्यावर साय थोडी जास्तच लावली जात होती. त्याच्या दुधाच्या ॲलर्जीचे कारण ती सायच होय असे शपथेवर कोणी सांगू शकणार नाही. परंतु इसब असलेल्या कातडीवर खाण्याचे पदार्थ चोळू नयेत, पिठाऐवजी साध्या कोमट पाण्याने न्हाऊ घालावे आणि वैद्याने दिलेले साधे मलम लावून कातडी मऊ व अखंड राखावी, ही ताकीद डॉक्टर देतात ती या चोरवाटेच्या धास्तीनेच. हरभऱ्याच्या डाळीची ॲलर्जी आपल्या देशात नोंदली गेलेली आहे, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी.

परहेजाच्या धोरणाचा इतिहास तर एखाद्या फिरलेल्या मुकदम्यासारखा आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० साली, ज्यांच्या घराण्यात ॲलर्जी आहे अशा मुलांना गाईचे दूध एक वर्षापर्यंत, अंडे दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे, कठीण कवचाची फळे व मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत असा सल्ला दिला. हेतू चांगला होता, पुरावा तुटपुंजा होता. २००८ साली अकादमीने तो मागे घेतला. त्याच वर्षी लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील ज्यू मुलांची इस्रायलमधील ज्यू मुलांशी तुलना प्रसिद्ध केली. वंश एक, देश दोन. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी ब्रिटनमध्ये शेकडा १.८५, तर इस्रायलमध्ये शेकडा ०.१७. इस्रायलमध्ये 'बाम्बा' नावाचा मका व शेंगदाणे यांचा तोंडात विरघळणारा खाऊ मुलांच्या हाती दात येण्याच्या सुमारासच पडतो, हे त्यांनी हेरले. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, चार ते अकरा महिने वयाची ६४० बाळे घेऊन अर्ध्यांना शेंगदाणे पूर्ण वर्ज्य केले आणि अर्ध्यांना दर आठवड्याला नेमाने खाऊ घातले. मुले पाच वर्षांची झाली तेव्हा, आरंभी ज्यांची त्वचाचाचणी निर्दोष होती त्यांच्यापैकी परहेज केलेल्यांत शेकडा १३.७ जणांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली होती आणि खाल्लेल्यांत अवघ्या १.९ जणांना. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. कुलूप घालून रक्षण करू पाहणाऱ्यांनीच चोराला वाट करून दिली होती, असा निवाडा यातून निघतो, आणि तो मान्य करण्याचा मोठेपणा वैद्यकाने दाखविला ही समाधानाची गोष्ट होय.

मग बाळाला अन्न द्यावे कधी? सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न देण्यास सांगितले आहे. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळ आणि धान्य दहाव्यात, असा निराळा क्रम आहे. जागतिक आरोग्य संघटनाही सहा महिने निव्वळ स्तनपान आणि त्यानंतर वरचे अन्न असेच सांगते. परंतु पंचांगाहून अधिक विश्वासू साक्षीदार खुद्द बाळ आहे. ते मान ताठ सावरू लागले, टेकू दिला असता बसू लागले, आपल्या घासाकडे टक लावून हात पुढे करू लागले, आणि मुख्य म्हणजे चमचा टेकताच जिभेने तो बाहेर ढकलण्याची त्याची उपजत प्रतिक्रिया ओसरली, म्हणजे ते पंगतीला बसण्यास पात्र झाले. आहाराचा आरंभ हा स्वतःच विकासाचा एक टप्पा आहे. अकाली जन्मलेल्या बाळाचे वय जन्मतारखेऐवजी अपेक्षित तारखेपासून मोजावे असे वैद्य सांगतात ते याचसाठी. दोन महिने आधी आलेल्या मुलाकडून सहाव्या महिन्यातच सारे वसूल करू पाहणे हा अन्याय होय.

टप्प्यांचे हे शास्त्र पद्धतशीरपणे उभे करणारा पहिला मोठा माणूस आर्नल्ड गेसेल. येल विद्यापीठात त्याने १९११ साली चिकित्सालय काढले आणि पुढे एका घुमटाकार कोठडीत बाळांना ठेवून, त्यांना न दिसता, त्यांच्या हालचालींची हजारो फूट फिल्म घेतली. आपल्याकडे प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या मुलांवरून भारतीय शिशूंसाठी विकासमापनाची श्रेणी तयार केली. ती आजही दवाखान्यांतून वापरात आहे. गेसेलच्या कोष्टकांनी मोठे काम केले, पण एक खोडही लावली: सरासरीचा आकडा लोकांना परीक्षेच्या तारखेसारखा वाटू लागला. ही चूक जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दुरुस्त केली. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुले वारंवार पाहून तिने एका तारखेऐवजी मुदती प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांत केव्हाही. हातगुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५, आणि कोणाचेही बोट न धरता चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांत. शेकडा चारांहून थोडी अधिक मुले हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि तरीही ती निरोगीच होती. अमेरिकेतील २०२२ च्या सुधारित यादीतून तर रांगणे हे कलमच वगळण्यात आले.

माझा नातूही त्या न रांगणाऱ्यांपैकीच निघाला. तो बैठक मारून, एक पाय पुढे व एक दुमडलेला, बुडावर सरकत घरभर फिरे, आणि त्या वाहनावर इतका खूष होता, की पंधराव्या महिन्यापर्यंत पायांची तसदी घेण्याचे कारण त्याला दिसले नाही. शेजारचे त्याच वयाचे मूल अकराव्या महिन्यातच दुडुदुडु धावू लागलेले. झाले, दूध बंद केले म्हणूनच पोर चालेना, असा ठराव स्वयंपाकघरात एकमताने संमत झाला, आणि त्याच्यासाठी बाजारातून चाकांचा, मध्ये बसविण्याचा वॉकर आला. आपला जुना लाकडी पांगुळगाडा मुलाने स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलावयाचा असतो. या नव्या यंत्रात मूल बसून बोटांच्या टोकांनी तरंगते, तोल सावरणे शिकतच नाही, आणि जिन्यावरून कोसळण्याचा धोका मात्र पत्करते. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आमचा वॉकर डॉक्टरांच्या एका वाक्यासरशी माळ्यावर गेला.

सराव आणि संस्कार यांचा या मुदतींवर परिणाम होतो हे मात्र खरे. केनियातील किप्सिगिस लोकांत चार्ल्स सुपर या अभ्यासकाने १९७६ साली असे नोंदविले, की तेथील मुले अमेरिकन मुलांहून सुमारे महिनाभर आधी बसतात व चालतात, कारण त्यांच्या आया त्यांना बसण्याचे व चालण्याचे हेतुपुरस्सर शिक्षण देतात. बसायला शिकविताना जमिनीत उथळ खळगा करून त्यात मुलाला ठेवतात. जे शिकवीत नाहीत, म्हणजे रांगणे, त्यात ती मुले पुढे नसतात. याच्या उलट पॅराग्वेच्या अरण्यात राहणाऱ्या आचे लोकांत, जेथे मुलाला खाली सोडणे धोक्याचे, तेथे मूल दुसरे वर्ष सरत आले तरी चालू लागलेले नसते, आणि मोठेपणी तेच झाडावर सरसर चढते. मुदत ओलांडली म्हणजे दुर्लक्ष करावे, असा याचा अर्थ नव्हे. नऊ-साडेनऊ महिने उलटूनही मूल आधाराशिवाय बसत नसेल, अठरा महिने पुरे होऊनही चालत नसेल, वर्षाच्या आत एकच हात सदैव वापरून दुसरा टाळत असेल, हाकेला वा आवाजाला वळून पाहत नसेल, किंवा वर्ष होऊनही 'बाबाबा', 'दादादा' असे काही बडबडत नसेल, तर वाट पाहू नये. आणि शिकलेली गोष्ट विसरणे, म्हणजे बसत होते ते बसेनासे झाले, बोलत होते ते मुके झाले, हे कोणत्याही वयात तातडीचे लक्षण समजावे.

दोन्ही विषयांची गाठ पडते ती बोटांच्या चिमटीत. नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत जमिनीवरचा चुरमुरा पकडू लागते आणि तो थेट तोंडात घालते. म्हणजे हात शिकतो त्याच महिन्यांत दाढेशिवाय चावणारे जबडे आणि ओळख करून घेणारे आतडेही शिकत असतात. ब्रिटनमधील ब्रिस्टल परिसरातील मुलांच्या एका दीर्घ अभ्यासात, ज्यांना दहा महिन्यांनंतरच दाणेदार, रवाळ अन्न मिळू लागले त्यांना पुढे खाण्याच्या तक्रारी अधिक होत्या असे दिसले. म्हणून सदोदित गाळलेली पेज व मिक्सरमधली गुळगुळीत खिमटी देत राहणे हेही एक प्रकारचे परहेजच होय. तीच खिमटी आठवड्यागणिक थोडी जाडसर करावी, मऊ भात बोटांनी कुस्करावा, गाजर वाफवून लांब काप हाती द्यावा.

नवे अन्न देताना मात्र आम्ही केली ती चूक करू नये. एका वेळी एकच नवा पदार्थ, मूल ठणठणीत असताना, सकाळच्या वेळी, चमच्याच्या टोकाएवढा द्यावा. सोसला तर दोन-तीन दिवस वाढवीत न्यावा, आणि एकदा पचनी पडल्यावर आठवड्यातून काही वेळा तो देतच राहावा, कारण परवान्याचे नूतनीकरण लागते. अंडे पूर्ण उकडलेले असावे. दाण्याचे बारीक कूट पेजेत पातळ कालवावे. अख्खा दाणा, बदाम वा फुटाणा पाच वर्षांच्या आत हाती देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. आणि ॲलर्जीशी संबंध नसला तरी येथेच सांगून टाकतो, की पहिल्या वर्षात मध चाटवू नये, मग तो सोन्याच्या अंगठीने का असेना. त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे लहान बाळाला अंग लुळे पाडणारा भयंकर विकार होऊ शकतो. ज्या मुलाला तीव्र इसब आहे, किंवा एकदा गांधी उठल्या आहेत, त्याला शेंगदाणे वा अंडे प्रथम देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. टोमॅटो किंवा संत्रे खाल्ल्यावर केवळ ओठांभोवती लाली आली आणि ती अर्ध्या तासात मावळली, तर ती बहुधा कातडीची जळजळ असते. परंतु अन्न खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून दोन तासांपर्यंत अंगभर गांधी, ओठ-डोळ्यांवर सूज, लागोपाठ वांत्या दिसल्या आणि त्यांत खोकला, आवाज बसणे, घरघर किंवा निपचित पडणे यांची भर पडली, तर घरगुती काढ्यात क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. त्यावरचे औषध एकच, मांडीत टोचलेले ॲड्रिनॅलिन. गांधींवरच्या गोळ्यांनी श्वास सुटत नाही.

आमच्या प्रकरणाचा निकाल असा लागला. त्वचाचाचणीत दुधावर ठसठशीत गांध उठली. गहू आणि बदाम निर्दोष सुटले, आणि देखरेखीखाली एकेक करून पुन्हा सुरू झाले. आई रोज दूध पीत असताना बाळ अंगावर सहा महिने धष्टपुष्ट वाढले होते, तेव्हा तिच्या परहेजाचे कलम डॉक्टरांनी हसून रद्द केले. रक्ताची मोठी यादी तपासून घेण्याचा आमचा हट्टही त्यांनी मोडून काढला, कारण रक्तात ते द्रव्य सापडणे म्हणजे ॲलर्जी नव्हे. ज्यांना पदार्थ बिनतक्रार पचतो अशा पुष्कळांच्या रक्तात ते आढळते, आणि अशा कागदावर विसंबून मुलाचे अर्धे ताट रिकामे केले जाते. दूध, दही, ताक, पेढा आणि तूपही दोन वर्षे घरात बाळाच्या वाट्याला आले नाही. आजीला बाजारातील पुड्यांवरचा बारीक मजकूर वाचण्याची सवय लागली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि गव्हासारखी धान्ये यांचा उल्लेख वेष्टनावर करावा लागतो. तीळ आणि हरभरा मात्र त्या यादीत नाहीत, तेव्हा त्यांचे वावडे असलेल्यांनी सारा मजकूर वाचावा. तिसऱ्या वर्षी रुग्णालयात, डॉक्टरांसमोर, प्रथम दूध घालून भाजलेला केक आणि काही महिन्यांनी साधे दूध देऊन पाहिले. बहुतेक मुलांचे दुधाचे वावडे असेच वयाबरोबर सुटते. नातू आता पाच वर्षांचा आहे, दूध पितो, आणि चालण्याचे म्हणाल तर त्याला बसवून ठेवणे हेच आता घरापुढचे संकट आहे.

बाळाचे उष्टावण योजणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. वाटीशेजारी एक वही आणि घड्याळ ठेवा. काय दिले, किती दिले, किती वाजता दिले, आणि काही दिसलेच तर ते अंगावर कोठे व किती मिनिटांनी दिसले, या चार ओळी जागच्या जागी लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.